कोबाल्टचा तपकिरी रंग

योनासानी ब्वाम्बाले सरांच्या प्रयोगशाळेत एका भिंतीवर खिळासुद्धा ठोकायची कोणाला परवानगी नव्हती. घर रंगवून उरलेल्या तेलरंगानं त्यांनी त्या भिंतीवर स्वतःच्या हातानं तक्ता काढला होता. धातूंची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे व्होल्टचा आकडा. कासेसे शहराच्या वरच्या टेकडीवरची ती मिशनची शाळा. छप्पर पत्र्याचं, नळाला पाणी आलं तर आलं. पण जिल्ह्याचे तपासनीस आले की आधी त्या तक्त्यापुढे उभे राहायचे आणि मग मुलांची हजेरी विचारायचे.

"ही इलेक्ट्रॉनची रस्सीखेच आहे," सर नव्या वर्गाला सांगायचे. "ज्याचा आकडा वरचढ, तो ओढून घेणार. ज्याचा खालचा, त्याच्या हातून दोर सुटणार. कोणाचंही भांडण लावायचं तर आधी तक्ता बघा, मग तोंड उघडा."

हे सगळं त्यांनी पुस्तकाच्या आधी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाप किलेंबेच्या तांब्याच्या खाणीत कामाला. खाणीतून येणाऱ्या ओहोळात पोरांनी पत्र्याचा डबा टाकला की काही दिवसांनी तो लालसर होऊन निघायचा. बाप म्हणायचा, "हे पाणी लोखंड खातं आणि तांबं ओकतं." त्याचं कारण योनासानींना पुढे कॉलेजात कळलं. लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४. दोन आकडे, आणि बापाच्या त्या वाक्याचा उलगडा झाला. त्या दिवसापासून या आकड्यांवर त्यांचा जो जीव जडला तो जडलाच.

शिकवायचे मात्र झकास. व्हॅनेडियमच्या पिवळ्या द्रावणात जस्त टाकलं की ते निळं, हिरवं होत होत जांभळ्यापर्यंत उतरतं. कथील टाकलं तर हिरव्यावरच दमतं. असं का, हे सर प्रयोगाच्या आधी फळ्यावर मांडायचे आणि मग नळीकडे पाठ करून उभे राहायचे. मुलं ओरडून रंग सांगायची आणि सर न बघता मान डोलवायचे. खोड एकच होती, जीभ तिखट. चुकलेल्या पोराला ते असं बोलायचे की सगळा वर्ग हसायचा आणि ते पोर आठवडाभर मान वर करत नसे. त्यांची बायको बीरा म्हणायची, "तुमच्या जिभेचा आकडा काय हो? तोही लिहा ना भिंतीवर." सर हसून सोडून द्यायचे.

इथुंगु त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गातली. डोंगरात फार वर घर, बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, अर्ध्यावर सोडून पुढं चालत जावं लागायचं. वडील नव्हते, आई कॉफी पिकवायची. मुलगी कमी बोलायची. तास संपला की नळ्या धुवायला थांबायची, आणि धुता धुता स्वतःचं काहीतरी करून बघायची. सरांना ते माहीत होतं. नळ्या स्वच्छ निघतात ना, मग करू दे, असं त्यांचं धोरण.

त्या वर्षी चार शाळांचं रसायनशास्त्राचं चर्चासत्र सरांच्या शाळेत भरलं. सभागृह गच्च भरलं होतं. खिडक्यांतही मुलं बसली होती. मुख्याध्यापिका काटुसाबे मॅडम पहिल्या रांगेत, पाहुण्या शिक्षकांच्या शेजारी. प्रश्न होता, मँगनीज, लोखंड आणि कोबाल्ट यांच्या दोन आणि तीन या अवस्थांची, म्हणजे दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपांची, तुलना. सरांचं हे घरचं मैदान. लोखंडाचा आकडा ०.७७, हवेतल्या ऑक्सिजनचा १.२३. म्हणून दोनचं लोखंड हवेत उघडं ठेवलं तर तीनचं होतं. मँगनीजचा १.५१ आणि कोबाल्टचा १.८१. त्यांच्यापुढे हवेचा काय पाड लागणार? "कोबाल्टला हवा दोनवरून तीनवर नेऊ शकत नाही," सर म्हणाले. "आज नाही, उद्या नाही, कधीच नाही." पाहुण्या शाळांची मुलं खाली माना घालून ते उतरवून घेत होती.

इथुंगुनं हात वर केला.

"सर, अमोनियात होतं ते."

"काय होतं?"

"हवेनं कोबाल्ट तीनचं होतं. मी करून बघितलंय. नळ्या आणल्यात." तिनं बाकाखालून दोन परीक्षानळ्या काढल्या. "दोन्हीत सारखंच आहे, कोबाल्टचा क्षार आणि भरपूर अमोनिया. ही उकळून गार केलेल्या पाण्यात केली आणि वर रॉकेलचा थर दिला, हवा लागू नये म्हणून. ही फिकटच राहिली. ही दुसरी उघडी ठेवली. ही वरून खाली तपकिरी होत गेली."

सभागृहात कुजबुज झाली. सर पुढं आले आणि त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. अमोनियात कोबाल्ट तपकिरी दिसतं हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं मुलांकडून तो रंग त्यांनी पाठच करून घेतला होता. तो का येतो, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आणि आता चार शाळांसमोर तो त्यांच्याच वर्गातल्या मुलीनं विचारला होता.

"तक्त्यात कोबाल्ट किती?" त्यांनी विचारलं.

"एक पूर्णांक ऐंशी... एक्क्याऐंशी, सर."

"आणि हवा?"

"एक तेवीस."

"म्हणजे बकरीनं बैलाला ओढत नेलं म्हणतेस." मुलं हसली. हसू आलं तसा सरांना हुरूप चढला. "हे बघा, हवेच्या हातून हे होणं नाही. मग कोणाच्या हातून झालं? हवेपेक्षा ताकदवान कोणीतरी हवं. आपल्या कपाटात असा कोण आहे? हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन थेंब टाकले की नळी झाली तपकिरी. खरं ना, इथुंगु?"

"नाही सर. मी काही टाकलं नाही."

"मग नळीनं स्वतःच टाकून घेतलं वाटतं."

आता सगळं सभागृहच खो खो हसलं. काटुसाबे मॅडमनी तिथल्या तिथं कपाट उघडायला लावलं. पेरॉक्साइडची बाटली आली, ती चांगलीच रिकामी झालेली होती. सरांनी ती वर धरून दाखवली आणि दोन्ही नळ्या बादलीत ओतून टाकल्या. पाहुण्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुरावा नसता तरी नुसत्या तर्कानं चोर पकडला, असं त्यांच्यातला एकजण म्हणालासुद्धा. इथुंगु उभीच होती. बस म्हणून तिला कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत मॅडमनी तिला घरी पाठवलं. कपाटातली वस्तू चोरली आणि पाहुण्यांसमोर खोटं बोलली. तसं लिहून देऊन माफी मागितली तरच परत घेऊ, असं तिला सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला बीरानं कसाव्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ओबुंडू, आणि तलावातले मासे केले होते. सरांनी पहिला घास मोडला आणि त्यांचा हात थांबला. बाटली त्यांनीच रिकामी केली होती. आदल्याच दिवशी खालच्या वर्गाला फेस दाखवण्यासाठी त्यांनी पेरॉक्साइड ओतलं होतं, आणि मुलं खूश झाली म्हणून दुसऱ्यांदाही ओतलं होतं. सभागृहात बाटली हातात घेतली तेव्हा हे आठवलं नव्हतं का? त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. नक्की उत्तर मिळेना.

"मासा बरा नाही का?" बीरानं विचारलं.

"बरा आहे."

"मग जेवा ना. आज तर तुमचं फार कौतुक झालं म्हणे."

ते जेवले. मनाला समजावलं, बाटलीचं असो, पण तक्ता तर तोच आहे. पोरीनं पेरॉक्साइड नसेल टाकलं तर दुसरं काही टाकलं असेल. ती खोटी आहे हे काही बदलत नाही. या विचारावर त्यांना झोप लागली, आणि पुढं काही दिवस ते याच विचारावर झोपत राहिले.

पण मनात किंतु राहिलाच. एका दुपारी मोकळ्या तासाला त्यांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. एकदाची शंका फिटून जाऊ दे, एवढाच हेतू होता. पाणी उकळून गार केलं. कोबाल्टच्या गुलाबी द्रावणात अमोनिया घातला. निळा साका आला, आणखी अमोनिया घातल्यावर विरघळला आणि गवताच्या काडीसारखं फिकट पाणी राहिलं. एका नळीवर रॉकेल, दुसरी उघडी. सर स्टुलावर बसून राहिले. उघड्या नळीत वरच्या कडेला तपकिरी रंग धरू लागला, आणि मग कोणी वरून चहा सोडावा तसा हळूहळू खाली उतरत गेला. रॉकेलखालची नळी जशीच्या तशी फिकट होती.

त्यांनी कपाटातलं कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं. शेवटच्या पानांत कोबाल्टच्या दोन ओळी होत्या. एक पाण्यातल्या कोबाल्टची, १.८१. तिच्याच खाली सहा अमोनियांनी वेढलेल्या कोबाल्टची, ०.१०. पाण्यात जो बैल होता त्याला अमोनियानं घेरलं की त्याची ओढ अशी ओसरते की हवा त्याला सहज ओढून नेते. भिंतीवर तक्ता रंगवताना त्यांनी फक्त पहिली ओळ उतरवली होती. दुसरीसाठी जागा नव्हती असं नाही. ती त्यांना गरजेची वाटली नव्हती. आकडे खरेच होते. पण कोणता आकडा कुठल्या घरात चालतो, हे बघायचं काम आकड्यांचं नव्हतं, त्यांचं होतं.

बाहेर तासाची घंटा झाली. सरांनी दोन्ही नळ्या ओतल्या आणि स्वच्छ धुऊन पालथ्या घातल्या. मग दार उघडून, मुलांना आत घेऊन त्यांनी आम्लांचा धडा शिकवला. नळ्या धुताना आपले हात किती सफाईनं चालले होते, हे त्यांना नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं. चूक कळल्यानंतर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही.

त्यानंतर दिवस जात राहिले. इथुंगुची जागा रिकामी होती. सर हजेरी घेताना तिच्या नावाशी अडखळायचे आणि पुढं जायचे. सांगायला हवं हे त्यांना कळत होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि उद्या सांगितलं तर इतके दिवस काय केलं, याचंही उत्तर द्यावं लागणार, म्हणून रोज ते आणखी जड होत होतं.

शेवटी काटुसाबे मॅडमनीच त्यांना बोलावलं. "त्या मुलीची आई आली होती. पोरगी लिहून द्यायला तयार नाही म्हणते. म्हणते, केलंच नाही तर काय लिहू? परीक्षेला बसायची नावं पाठवायची वेळ आली, योनासानी. मी तिचं नाव वगळतेय."

सर खुर्चीच्या कडेवर बसले. "मॅडम, नाव वगळू नका. ती... तिचं बरोबर होतं."

"म्हणजे?"

त्यांनी अमोनियाचं सांगितलं, दोन ओळींचं सांगितलं. बाटलीचं सांगितलं नाही.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा घातलं. "हे आणखी कोणाला बोललात?"

"नाही."

"बोलूही नका. चार शाळा होत्या तिथं. शाळेची अब्रू म्हणून काही आहे की नाही? आपण असं करू. शाळेनं तिला माफ केलं म्हणू. लिहून द्यायची गरज नाही, उद्यापासून ये म्हणावं. मुलीचं वर्ष वाचलं, तुमचंही झाकलं गेलं. तुम्हीच जाऊन सांगा, म्हणजे बरं दिसेल."

सर "बरं मॅडम" म्हणाले. ते दोन शब्द तोंडातून निघाले तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याचीच लाज वाटली. तरी ते निघाले.

बोडावाल्यानं ओढ्याच्या अलीकडे सोडलं. पुढची चढण चालून वर पोचेपर्यंत सदरा घामानं भिजला होता. अंगणात ताडपत्रीवर कॉफी वाळत होती. इथुंगु आणि तिची आई गुडघ्यांवर बसून खराब दाणे निवडत होत्या. आईनं उठून वेताची खुर्ची दिली, पाणी दिलं. इथुंगुनं रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि पुन्हा दाण्यांशी जाऊन बसली.

"आनंदाची बातमी आहे," सर म्हणाले. "शाळेनं इथुंगुला माफ केलं. उद्यापासून येऊ दे तिला."

आईनं हातातले दाणे खाली ठेवले. "माफ केलं म्हणजे कशाबद्दल, मास्तर?"

"ते... झालं ते झालं. आता कशाला उगाळायचं."

"माझी पोर चोर आहे की नाही, एवढं सांगा. चोर असेल तर मी तिला माफ नाही करणार, शाळेनं केलं तरी. आणि नसेल तर तुम्ही कोण माफ करणारे?"

सर घोटभर पाणी प्यायले आणि बोलू लागले. प्रमाण आकडे हे पाण्यातल्या धातूचे असतात, अमोनियात परिस्थिती वेगळी, मोठमोठ्या पुस्तकांतही हे एका ओळीत असतं, भल्याभल्यांची गफलत होते. आई त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकून घेत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "मला तुमचं शास्त्र कळत नाही. ती खोटं बोलली का?"

"नाही."

"चोरी केली?"

"नाही."

"मग एवढं लांबण कशाला लावलंत? हे दोन शब्द सांगायला इतका डोंगर चढलात, आणि ते सोडून बाकी सगळं बोलताय."

इथुंगुनं पहिल्यांदाच मान वर केली.

"सर, तुम्हाला कसं कळलं?"

"मी करून बघितलं. तुझ्यासारखंच, दोन नळ्या."

"कधी?"

यावर खोटं सांगता आलं असतं. काल म्हटलं असतं तरी कोण विचारणार होतं? त्यांनी जिभेवर आलेला तो शब्द गिळला. "बरेच दिवस झाले. तू गेलीस त्याच्या पुढच्या आठवड्यात."

"आणि बाटली?"

"बाटली मी रिकामी केली होती. खालच्या वर्गात. त्याच रात्री मला आठवलं होतं."

शेजारच्या घरात कोणीतरी कसावा कुटत होतं, त्याचा आवाज येत होता. इथुंगु दाणे निवडत राहिली, चांगलेही खराबात टाकू लागली. आईनं तिचा हात धरून थांबवला.

"मी इथं रोज आईला सांगत होते की सर पुन्हा करून बघतील," ती म्हणाली. "आई म्हणायची, नाही बघणार. मी तुमच्या बाजूनं भांडत होते, सर."

योनासानींना खुर्चीत बसवेना. ते खाली ताडपत्रीच्या कडेला येऊन बसले. "माझं चुकलं" हे शब्द त्यांनी हजार मुलांकडून वदवून घेतले होते. स्वतःच्या तोंडून निघाले तेव्हा आवाज असा आला की तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. आईनं ऐकलं. बरं, असं काही ती म्हणाली नाही. "हे शाळेत सांगा," एवढंच म्हणाली. "तिथं हसली होती ना मुलं? तिथंच सांगा."

सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेसमोर सांगितलं. बाटलीचंही सांगितलं. काटुसाबे मॅडम मधूनच उठून आत गेल्या आणि त्यानंतर त्यांनी सरांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मागच्या ओळीतून फक्त एकजण हळूच म्हणाला, "नळीनं स्वतःच टाकून घेतलं वाटतं." ते वाक्य आपलंच आहे, हे ओळखून सरांनी ऐकून घेतलं.

उरलेल्या तीन शाळांतही ते गेले. एका ठिकाणी शिक्षकांनी चहा पाजून "अहो, होतं असं" म्हटलं आणि वर्गात जाऊच दिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांना फळ्यापुढे उभं केलं, मुलांनी "कधीच नाही" हे शब्द खोडले आणि अमोनियाची ओळ लिहून घेतली. तिसऱ्या शाळेची ती मुलं सर पोचेपर्यंत शेवटची परीक्षा देऊन पांगली होती. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. त्यातली कोणी आज शिक्षक असतील, आणि कोबाल्टला हवा कधीच तीनवर नेत नाही असं शिकवत असतील, या विचारानं सरांना अजून कधीकधी मध्येच बोलायचं सुचेनासं होतं.

इथुंगु परत आली. परीक्षेत तिला रसायनशास्त्रात चांगले गुण पडले. पण त्या वर्षात तिनं पुन्हा हात वर केला नाही. विचारलं तर नेमकं उत्तर द्यायची आणि बसायची. नळ्या धुवायला थांबायची नाही. सरांनी एकदा, "कपाटाची किल्ली हवी असेल तर माझ्याकडे आहे," असं म्हणून पाहिलं. "नको सर," ती म्हणाली. पुढं ती जमीन मोजणीचं शिकायला म्बाराराला गेली.

बऱ्याच वर्षांनी कासेसेच्या बसतळावर ती त्यांना दिसली. मोजणीच्या यंत्राची तिवई खांद्यावर, बरोबर कामावरचा कोणी सोबती. सरांना पाहून ती थांबली, वाकून नमस्कार केला, बीराची चौकशी केली.

"हे माझे केमिस्ट्रीचे सर," तिनं सोबत्याला सांगितलं.

"हो का? मग चांगले असणार," तो हसत म्हणाला. "हिला प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची सवय आहे. ती तुम्हीच लावली असणार."

योनासानींनी इथुंगुकडे पाहिलं. ती गाडीच्या टपावर सामान चढवणाऱ्याला काहीतरी सांगत होती. नाही, मी नाही लावली, असं त्यांना म्हणायचं होतं. पण ते म्हणण्यासाठी सगळी कथा सांगावी लागली असती आणि ती सांगायची की नाही हे ठरवायचा हक्क आता तिचा होता. गाडी सुटल्यावर तिनं खिडकीतून हात हलवला. त्यांनीही हलवला, आणि गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत त्यांना तिथून हलता आलं नाही.